बॉल डेड झाला नव्हता: माझी अंपायरची परीक्षा

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी इंटरनॅशनल अंपायर वगैरे काही नाहीये. मागे एका लग्नात आमच्या आत्याबाईंनी माझी ओळख "ही आता टीव्हीवर दिसणार हं" अशी करून दिली, आणि मी हातात श्रीखंडाची वाटी धरून नुसती हसत राहिले, कारण खरं सांगायचं तर मी ज्या शिडीवर चढलेय तिची पहिली पायरीसुद्धा जमिनीला लागूनच आहे. डिव्हिजनच्या मॅचेस, मग स्टेट, मग बीसीसीआयची परीक्षा, तिथे परत वेगवेगळे ग्रुप, मग आयसीसीचं इंटरनॅशनल पॅनल आणि सगळ्यात वर एलिट पॅनल. हे एलिट पॅनल २००२ साली सुरू झालं आणि त्यात आजवर भारतातले तीनच जण पोचलेत, वेंकटराघवन, एस. रवी आणि आपल्या इंदूरचे नितीन मेनन. त्यामुळे आत्याबाईंचं आपण सोडून देऊ. पण ही पहिली पायरी चढायलाच मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात मला विचारायला कोणी नव्हतं, म्हणून लिहितेय.

मी आधी स्कोअरर होते. एका ऑफिसात अकाउंट्सचं काम आणि रविवारी, सुटीच्या दिवशी मॅचचा स्कोअर लिहायचा, पाच-सहा वर्षं हेच चाललं होतं. आपल्याकडे स्कोअररला कोणी विचारत नाही, तंबूखाली एक टेबल, दोन खुर्च्या, वारा आला की पानं दाबायला एक दगड. पण अंपायर कुठलीही खूण करतो ना, ती स्कोअररने हात वर करून पोचली म्हणून सांगेपर्यंत त्याला थांबावं लागतं, नियमच आहे तसा. एवढ्या मोठ्या मैदानात तो माणूस फक्त आपल्यासाठी थांबलाय याची मला फार गंमत वाटायची.

मार्च २०२३ मध्ये आमच्या इंदूरच्या होळकर स्टेडियमला भारत-ऑस्ट्रेलिया टेस्ट होती. १ मार्चला मी ऑफिसातून सुटी घेऊन गेले. ती मॅच आठवत असेल, पिचवरून नंतर खूप बोलणी झाली, भारत पहिल्या डावात १०९ वर ऑल आउट आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलिया नऊ विकेटनी जिंकून मोकळं. पण माझ्या डोक्यात राहिला तो पहिलाच बॉल. स्टार्कचा बॉल, रोहितला कॅच बिहाइंडचं अपील, नॉट आउट, ऑस्ट्रेलियाने रिव्ह्यू घेतला नाही, आणि नंतर रिप्लेत दिसलं की बॅटची बारीक कड (एज) लागली होती. माझ्या शेजारचा मुलगा मोबाइलवर रिप्ले बघून ओरडला, "क्या भिया, सुनाई नहीं दिया क्या!" आणि मी विचार करत होते की टेस्टचा पहिला बॉल, हजारो माणसं एकदम ओरडतायत, त्यात ती एवढीशी टिक कोणाला ऐकू येणार? आम्ही वीस यार्डांवर असतो तर आम्हाला आली असती का? घरी येताना रेसकोर्स रोडवर ऑटो मिळेना, चालत चालत जंजीरवाला चौराहा आला तोवर माझं ठरलं होतं.

अजून एक कारण होतं, ते खोटं कशाला बोलू. त्याच जानेवारीत वृंदा राठी, जननी आणि गायत्री वेणुगोपालन या तिघींनी पहिल्यांदा रणजी ट्रॉफीत अंपायरिंग केलं होतं, आणि वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या हे वाचून मला वाटलं चला, आपल्या टेबलावरून तिकडे जायचा रस्ता आहे तर.

फॉर्म

जूनमध्ये अंपायरच्या परीक्षेचा फॉर्म निघाला. फॉर्म साधा दोन पानी, पण माझं दहावीचं मार्कशीट माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी दोन जणी आहे. पहिल्या दिवशी परत पाठवलं, शपथपत्र आणा. दुसऱ्या दिवशी शपथपत्र नेलं तर म्हणे नोटरीचा शिक्का नीट उठला नाही. तिसऱ्या दिवशी शिक्का ठीक, पण फोटोची पाठ निळी, पांढरी पाहिजे. बायकांनो, लग्नानंतर नाव बदललं असेल तर शपथपत्राच्या दोन प्रती आधीच करून ठेवा आणि फोटो पांढऱ्या पाठीचेच काढा, मला त्या तीन चकरांत अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या तीन सुट्ट्या गेल्या. फी किती होती ते लिहीत नाही कारण ती बदलत असते, पण नंतर घेतलेले पांढरे बूट फीपेक्षा महाग पडले एवढं लक्षात ठेवा.

अभ्यास

इथे मी मोठी चूक केली. एका ओळखीच्या काकांनी, ते स्वतः पूर्वी अंपायरिंग करायचे, मला त्यांची जुनी नियमांची झेरॉक्स दिली, पिवळी पडलेली, समासात त्यांच्या सुंदर अक्षरातल्या नोट्स. मी तीन आठवडे मन लावून ती पाठ केली. मग एक दिवस दुसऱ्या एका मुलाशी बोलताना कळलं की त्यातला "हँडल्ड द बॉल" (बॅट्समनने बॉल हाताने अडवला तर आउट) हा वेगळा नियम आता अस्तित्वातच नाही, २०१७ च्या कोडमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, तो "ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड"मध्ये (फील्डिंगमध्ये अडथळा) गेला, आणि त्या कोडची तिसरी आवृत्ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालीय त्यात तर अजून बदल. कॅच आउट झाला की बॅट्समन क्रॉस झाले असोत नसोत, नवा येणारा स्ट्राइकवरच येणार, ओव्हर संपली असेल तरच नाही. नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे बोलरच्या टोकाला उभ्या बॅट्समनला, बोलरने आउट करणं हे अनफेअर प्लेच्या नियमातून उचलून रन आउटच्या ३८ नंबरात ठेवलं. मला रडू यायचं बाकी होतं. काकांना मात्र सांगितलं नाही, झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे, त्यातल्या नोट्स सोन्यासारख्या आहेत. पण परीक्षेसाठी एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम लिहिणारा लंडनचा क्लब) साइटवर नवीन नियम फुकट आहेत, तेच वाचा.

एकूण ४२ नियम. त्यातले पहिले दहा-बारा लोक कंटाळून सोडतात आणि मार्क तिथेच जातात, स्टंपची उंची २८ इंच, तिन्ही मिळून रुंदी ९ इंच, बोलिंग क्रीज ८ फूट ८ इंच, बेल (स्टंपवरची आडवी लाकडी गुल्ली) स्टंपच्या वर अर्ध्या इंचापेक्षा जास्त यायला नको, हे सगळं. मी ते डायनिंग टेबलवर शिकले. उभ्या तीन अगरबत्त्यांचे स्टंप, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या म्हणजे फील्डर, लवंग म्हणजे बॉल. सासूबाई नॉन-स्ट्रायकर व्हायच्या, म्हणजे लाटणं धरून बसायच्या, आणि मी प्रश्न वाचायची. एकदा त्यांनी मलाच पकडलं. प्रश्न होता, अंपायरची मोजणी चुकली आणि पाचच बॉलमध्ये ओव्हर संपवली तर? मी म्हटलं सहावा टाकायला लावणार. त्या म्हणाल्या, "अगं पण त्याने ओव्हर म्हटलं ना? मग संपलं. आता काय परत बोलावणार का?" आणि उत्तर तेच आहे, अंपायरने मोजली तीच ओव्हर. त्यांनी आयुष्यात एक मॅच पूर्ण बघितलेली नाही.

लेखी पेपर

जुलैच्या शेवटी, रविवारी. भर पावसात. सेंटरवर आम्ही मुली दोघीच, बाकी सगळी पोरं आणि काही चाळिशीचे काका. पेपरला तुम्हाला नियम नंबरासकट आला तरी पुरत नाही, ते प्रसंग देतात आणि विचारतात आता तुम्ही काय कराल. २०२२ साली अहमदाबादला बीसीसीआयने महिला आणि ज्युनिअर मॅचेससाठी जी परीक्षा घेतली होती तिच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, १४० जण बसले आणि तीन पास. त्यातला सावलीचा प्रश्न खूप गाजला होता. पॅव्हेलियनची, झाडाची किंवा फील्डरची सावली पिचवर पडायला लागली आणि बॅट्समनने तक्रार केली तर काय करणार? पॅव्हेलियन आणि झाड यांचं काही करायचं नाही, ते हलत नाहीत. फील्डरला मात्र सांगायचं की बाबा हलू नकोस, आणि हलला तर डेड बॉल, म्हणजे त्या बॉलवरचा खेळ तिथेच थांबला. मला हा प्रश्न फार आवडतो. आणि दुसरा, बोलरच्या बोटाला खरंच जखम आहे, पट्टी काढली तर रक्त येईल, तरी पट्टी काढायला लावणार का? लावणार. बोलिंग करायची तर पट्टी काढूनच.

आमचा पेपर तेवढा अवघड नव्हता. माझा वेळ मात्र पुरला नाही, शेवटचे दोन प्रश्न मी अक्षरशः टेलिग्रामसारखे लिहिले. घड्याळ लावून दोन तरी पेपर घरी सोडवून जा.

मग वाट बघणं. ऑगस्ट गेला, गणपती आले, गणपती गेले. फोन केला की "लिस्ट बन रही है." सप्टेंबरच्या शेवटी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, त्यात माझं नाव माहेरचंही नव्हतं आणि सासरचंही नव्हतं, दोन्हींची भेळ होती, पण रोल नंबर माझाच. पास.

प्रॅक्टिकल, पहिल्यांदा

नोव्हेंबर २०२३. तोंडी परीक्षा बरी गेली. खुणा सगळ्या विचारल्या, त्यात पेनल्टी रन्सच्या दोन खुणांत लोक गडबडतात, बॅटिंग टीमला पाच रन असतील तर खांद्यावर हात आपटत राहायचं आणि फील्डिंग टीमला असतील तर हात खांद्यावर नुसता ठेवायचा. मी स्कोअरर असल्यामुळे ह्या झोपेत पण येतात.

मैदानावर मात्र पार वाट लागली. खऱ्या मॅचमध्ये उभं केलं, सहा-सहा ओव्हर, लांब खुर्चीवर परीक्षक. माझं बोलरच्या पायाकडे बघणं आणि मग झटकन नजर वर नेणं जमत होतं, त्याची मी प्रॅक्टिस केली होती. (इंटरनॅशनलला आता फ्रंट फूटचा नो बॉल थर्ड अंपायर बघतो, आपल्याला थर्ड अंपायर म्हणजे झाडावरचा कावळा.) पण चौथ्या ओव्हरला कव्हरला फटका, दोन रन पळाले, थ्रो आला, कीपरने बॉल हातात घेतला, आणि मी मान खाली घातली. का? कारण सहा वर्षं प्रत्येक बॉलनंतर मी मान खाली घालून लिहीत आले होते! तेवढ्यात कीपरने बेल उडवली, स्ट्रायकर क्रीजबाहेर गप्पा मारत उभा, जोरात अपील, आणि मी काहीही बघितलेलं नव्हतं. नॉट आउट म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

संपल्यावर परीक्षकांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, पाणी दिलं आधी. मग म्हणाले, "मैडम, बॉल डेड नहीं हुई थी. आप हो गई थीं."

नापास. मी गाडीवर बसून हेल्मेट घातलं आणि घरापर्यंत काढलं नाही, पार लिफ्टमध्येसुद्धा. नवऱ्याने काही विचारलं नाही, रात्री सराफ्यात (रात्री खाऊगल्ली होते तो आमचा सराफा बाजार) घेऊन गेला, भुट्ट्याचा किस खाल्ला आणि तो संपेपर्यंत क्रिकेट हा शब्द कोणी काढला नाही.

मधले तीन महिने

लेखी परत द्यायची नव्हती, नुसतं प्रॅक्टिकल फेब्रुवारीत. ती मान खाली घालायची सवय घालवणं हे एकच काम. मी स्कोअरिंग बंद केलं. दर रविवारी सकाळी चिमणबाग मैदानावर जायची, तिथे एकाच वेळी चार-पाच मॅचेस चालू असतात, कोणाचा पॉइंट कोणाच्या स्लिपला टेकलेला. टेनिस बॉलवाल्या पोरांना विचारलं, मी उभी राहू का? त्यांना काय, फुकटचा अंपायर. पहिल्या दिवशी "आंटी" म्हणाले, तिसऱ्या रविवारपर्यंत "अंपायर मैडम". मी डाव्या खिशात एक-एक रुपयाची सहा नाणी ठेवायची आणि दर बॉलला एक उजव्या खिशात, पण नियम स्वतःला घातला की बॉल कीपरच्या किंवा बोलरच्या हातात स्थिरावला आणि दोन्ही टीमनी विषय सोडला याची खात्री झाल्याशिवाय नाण्याला हात लावायचा नाही. बॉल मोजायचा काउंटर विकत मिळतो, माझ्याकडे आहे, पण ती सवय नाण्यांनीच लागली. अजूनही नाणीच वापरते.

तेव्हा नितीन मेनन यांच्याबद्दल बरंच वाचलं. त्यांचे वडील नरेंद्र मेनन स्वतः इंटरनॅशनल अंपायर. नितीन मध्य प्रदेशकडून थोडं खेळले आणि २००६ साली परीक्षेला बसले, ती परीक्षा म्हणे दहा वर्षांनी झाली होती! म्हणजे आपण दोन महिने लिस्टची वाट बघून कुरकुरतो. एलिट पॅनलमध्ये आले २०२० साली, म्हणजे चौदा वर्षांनी, आणि तरी तेव्हा ते त्या पॅनलमधले सगळ्यात तरुण. आपले निखिल पटवर्धनही इंदूरचेच, मध्य प्रदेशकडून खेळून अंपायर झालेले, २०२२ साली बीसीसीआयने नवीन ए प्लस ग्रुप केला त्यातल्या दहांत ते. पैशांचं विचारणाऱ्यांसाठी, तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे ए प्लस आणि ए ग्रुपला फर्स्ट क्लास मॅचचे दिवसाला ४०,००० रुपये आणि त्याखाली ३०,०००. माझ्या पातळीवर पेट्रोल, पोहे-जलेबी आणि सनस्क्रीन वजा जाता जे उरतं त्यात घर चालत नाही, नोकरी सोडू नका.

फेब्रुवारी २०२४ चं प्रॅक्टिकल कसं झालं ते सांगण्यासारखं काही नाही, आणि अंपायरच्या बाबतीत हेच चांगलं. एप्रिलमध्ये लिस्ट. यावेळी नाव बरोबर.

पहिली मॅच

ऑक्टोबरमध्ये. अंडर फिफ्टीन. खेळ सुरू व्हायच्या ४५ मिनिटं आधी मैदानावर हजर पाहिजे असा नियम, मी दीड तास आधी. बॅगेत काय असावं ते सांगते, जास्तीच्या बेल्स, बॉल पुसायला कापड, छोटी कात्री, बँड-एड, सुई-दोरा (एका पोराची पँट खरंच उसवली), दोन पेन, ओआरएस. आणि मुलींसाठी, आदल्या दिवशी जाऊन टॉयलेट आहे का ते बघून या. मी बघितलं नव्हतं आणि नव्हतं. लंचमध्ये समोरच्या घराची बेल वाजवली, पांढरे कपडे, मोठी टोपी, दार उघडणाऱ्या बाईंनी हिंदीत विचारलं काय पाहिजे, आणि मी गडबडीत मराठीत बोलले. "अगोबाई, मराठी का तू? ये ये. सकाळपासून बघतेय, ती टोपीवाली बाईच आहे का पोरगा, आमची पैज लागलीय." चहा पाजूनच सोडलं. आता त्या मैदानावर मॅच असली की मी आधी काकूंना फोन करते.

त्या मॅचला लंचच्या जरा आधी मी एक एलबीडब्ल्यू (पायचीत) दिला होता. ऑफ स्पिनर, उजव्या हाताचा बॅट्समन, तेरा वर्षांचा असेल, पुढे पाय टाकून स्वीप मारायला गेला आणि चुकला. बॉल टप्पा न पडता सरळ बुटावर, मिडल-लेगच्या समोर. मी थांबले. मनात एक-दोन मोजले, परत बघितलं तो बॉल कुठून आला, आणि बोट वर केलं. पोरगा काही न बोलता गेला, शिस्तीत.

लंचनंतर मी स्टंपकडे जात होते तर तो बाउंड्रीवर उभा. "मैडम, एक बात पूछूँ? वो बॉल तो गिरने के बाद घूमती ना. ऑफ स्पिन थी. लेग से बाहर जाती."

मी त्याला नियम ३६ सांगितला. बॉल टप्प्याआधीच पायाला लागला तर तो पुढे ज्या दिशेने चालला होता तसाच सरळ गेला असता असं धरायचं, मध्ये टप्पा पडला असता की नाही, वळला असता की नाही, ते धरायचं नाही. माझ्या खिशातलं एक नाणं काढून हवेत रेघ काढून दाखवली.

त्याने ती रेघ नीट बघितली. मग म्हणाला, "पर मैडम, घूमती तो ना."

"घूमती बेटा," मी म्हटलं, आणि तिकडून दुसऱ्या अंपायरने हाक मारली, टीम मैदानात आली होती.